वीट कुठेही बसते, दगड नाही

भिंत दगडाची असो वा विटेची, बांधणाऱ्याला आपण गवंडीच म्हणतो. वीटकाम हा गवंडीकामाचाच एक भाग. पण जुनी वास्तू समजून घ्यायची तर दोन्हींतला फरक कळायला हवा.

विटेचे निम्मे काम भट्टीवरच उरकलेले असते. हडप्पा संस्कृतीच्या विटांत जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असे सापडते. दोन विटांची रुंदी म्हणजे एका विटेची लांबी. एक थर लांबीने, पुढचा रुंदीने लावला की सांध्यावर सांधा येत नाही. सगळ्या विटा सारख्या, म्हणून कोणतीही कुठेही चालते. हडप्पाला हेच भोवले. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेसाठी तिथल्या विटा उकरून रुळांखाली खडी म्हणून पसरल्या गेल्या.

दगडाचे तसे नाही. आपली हेमाडपंती देवळे घ्या. नाव तेराव्या शतकातल्या यादवांच्या हेमाद्रीचे, पण अंबरनाथचे शिवमंदिर १०६० चे, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. लोक त्यालाही हेमाडपंतीच म्हणतात! या बांधणीत चुना नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात नेमके बसणारे टोक. पाथरवटाने प्रत्येक दगड त्याच्या जागेसाठीच घडवलेला. तो निखळला तर शेजारचा उचलून तिथे बसत नाही. म्हणून अशा देवळाच्या भगदाडात विटा भरून वर सिमेंट थापलेले दिसले की मला राग येतो. भिंत भरल्यासारखी दिसते, पण भार पूर्वीच्या वाटेने खाली उतरत नाही आणि सिमेंटमागे पाणी कोंडते. निखळलेला दगड बहुधा तिथेच आवारात पडलेला असतो. तो आधी शोधावा.

दोन्ही कामे एकाच भिंतीत पाहायची तर पुण्याचा शनिवारवाडा पाहा. तटाला खाली दगड, वर वीट. दगडी वाडा बांधण्याचा हक्क छत्रपतींचाच, अशी साताऱ्याहून हरकत आली म्हणून वर वीट लावली, अशी कथा सांगतात. मला गवंड्याचे कारण अधिक पटते. जमिनीची ओल दगड सोसतो आणि उंचावर चढवायला वीट सोपी. शिवाय १७३० च्या जानेवारीत पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. एवढ्या घाईत प्रत्येक दगड घडवत कोण बसणार? १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला. तट अजून उभा आहे.