एका अक्षराची भूक

माझी मावसबहीण पुण्यात पीएचडी करते. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी तिला घ्यायला तिच्या लॅबमध्ये गेलो, तर ती बर्फाच्या डब्यात एक इवलीशी प्लास्टिकची ट्यूब ठेवून बसली होती. ट्यूबमध्ये मला काहीच दिसेना.

"ताई, ही रिकामी आहे का?"

"एक मिलिग्रॅम आहे त्यात. तळाशी पांढरा पापुद्रा दिसतोय बघ. आणि टेबलाला धक्का लावू नकोस."

लेबलवर लिहिलं होतं: रिकॉम्बिनंट माऊस लेप्टिन. म्हणजे उंदराचं प्रथिन, पण उंदरातून काढलेलं नाही. उंदराचं जनुक ई. कोलाय नावाच्या जीवाणूत घालायचं आणि त्याच्याकडून ते प्रथिन बनवून घ्यायचं.

"हे करतं काय?"

"अंगात चरबी किती साठलीये, हे मेंदूला कळवतं. निरोप आला नाही, तर मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय. मग भूक, भूक आणि भूक."

मला एकदम आई आठवली.

आई जाड आहे. मला कळायला लागल्यापासून आहे. मंगळवार, चतुर्थी, एकादशी असे तिचे सगळे उपास खरे असतात, साबुदाण्याचे नव्हेत. तरी लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तिच्या ताटाकडे बघून हसतंच. गुडघे दाखवायला गेलो, की डॉक्टर औषधाआधी एकच वाक्य ऐकवतात, "जिभेवर ताबा ठेवा." आणि खरं सांगायचं, तर कॉलेजात असताना हे वाक्य मीही तिला ऐकवलेलं आहे. म्हणूनच त्या रात्री घरी येऊन मी लेप्टिनबद्दल वाचायला बसलो. पुढचे दोन महिने वाचतच होतो.

ही गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर या गावी सुरू होते. तिथली जॅक्सन लॅबोरेटरी उंदरांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध. १९४७च्या ऑक्टोबरात लागलेल्या वणव्यात ती जळाली आणि हजारो उंदीर मेले. जगभरच्या संशोधकांनी आधी तिथूनच नेलेल्या उंदरांचे वंशज परत पाठवले आणि काम पुन्हा उभं राहिलं. त्यानंतर दोनच वर्षांत, १९४९ साली, तिथल्या पिंजऱ्यांत एक विचित्र उंदीर सापडला. तो सतत खायचा आणि फुगत जायचा. असे उंदीर नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाचे होतात. हा दोष आनुवंशिक होता. त्याला नाव मिळालं 'ओबी', ओबीस या शब्दातली पहिली दोन अक्षरं. १९६६मध्ये तिथेच आणखी एक जाड वाण सापडला, त्याचं नाव 'डीबी'. त्याला मधुमेहही व्हायचा.

दिसायला दोघे सारखेच. मग फरक काय? डग्लस कोलमन या कॅनडात जन्मलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञाने दोन उंदरांची कातडी शिवून त्यांचा रक्तप्रवाह जोडायचा प्रयोग केला. ऐकताना अंगावर काटा येतो, पण उत्तर त्यातूनच मिळालं. डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साध्या उंदराने खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. ओबी साध्याला जोडला, तर ओबी कमी खाऊ लागला. ओबी डीबीला जोडला, तर ओबी उपाशी मेला आणि डीबी जाडच राहिला.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. हे वाचताना मला थेट ऑफिसातला प्रसंग आठवला. दोन सर्व्हरमध्ये निरोप पोचत नाही, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो: पाठवणारा गप्प आहे, की ऐकणारा बहिरा? कोलमनचं उत्तर होतं, ओबी पाठवतच नाही आणि डीबीला ऐकू येत नाही. डीबीच्या रक्तात निरोपाचा नुसता पूर असतो, म्हणून त्याला जोडलेला उंदीर जेवायचा थांबतो. पण रक्तातला तो पदार्थ कोलमनच्या हाती लागेना. लठ्ठपणा म्हणजे वागण्याचा दोष, असं मानणाऱ्या अनेकांना त्याचं म्हणणं पटलंही नाही.

तो पदार्थ सापडायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमनच्या गटाने जवळपास आठ वर्षं खपून ओबी जनुक शोधलं. चरबीच्या पेशी त्या जनुकावरून एक प्रथिन बनवतात. ओबी उंदरात बिघाड केवढा? जनुकातल्या एका जागी 'सी'चं 'टी' झालं होतं. त्यामुळे अर्जिनीन जोडायच्या जागी 'इथे थांबा' अशी खूण आली आणि प्रथिन अर्धवट राहिलं. अख्ख्या उंदराची भूक एका अक्षराने बदलली होती.

पुढची पायरी हे प्रथिन बनवून टोचायची. इथे ताईच्या ट्यूबची गोष्ट सुरू होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, लेप्टिनमध्ये १४६ मण्यांची. पण माळ नेमकी घडी घालून बसली, तरच ती काम करते. जीवाणूत ती बऱ्याचदा गोळा होऊन पडते. तिला सोडवून पुन्हा घडी घालावी लागते. ही घडी नाजूक. म्हणून ट्यूब उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, झाकणाला चिकटलेली पावडर खाली यावी म्हणून. द्रव घातल्यावर गदागदा हलवायची नाही, कारण फेसात घडी उलगडते. द्रावण फार पातळ ठेवलं, तर प्रथिन प्लास्टिकलाच चिकटून बसतं. शिवाय छोटे छोटे वाटे करून गोठवायचे, कारण दर वेळी वितळवून पुन्हा गोठवलं की त्याचा जोर कमी होतो.

"आणि सगळ्यात मोठी भीती एंडोटॉक्सिनची," ताई म्हणाली. ई. कोलायच्या आवरणातलं हे विष प्रथिनाबरोबर येऊ शकतं. ते टोचलं की उंदीर आजारी पडतो आणि खाणं सोडतो.

मी थांबलो. म्हणजे घाणेरडं लेप्टिनसुद्धा भूक घालवणार! मग भूक औषधाने गेली की विषाने, हे ओळखायचं कसं?

१९९५च्या प्रयोगांत याचं उत्तर आहे. फ्रीडमनच्या गटाने ओबी उंदरांना रोज हे प्रथिन टोचलं. दोन आठवड्यांत त्यांचं वजन ३० टक्क्यांनी उतरलं. तेच प्रथिन डीबी उंदरांना टोचलं, तर काहीच झालं नाही. विष असतं, तर डीबीही आजारी पडला असता. बहिऱ्याला ऐकू आलं नाही, म्हणूनच तो निरोप होता हे सिद्ध झालं. कोलमनचं वीसेक वर्षांपूर्वीचं अनुमान खरं निघालं. २०१०मध्ये त्याला आणि फ्रीडमनला मिळून लास्कर पुरस्कार मिळाला.

माणसांतही असं आढळलं. केंब्रिजमध्ये जन्मतःच लेप्टिन नसलेल्या, ९४ किलो वजनाच्या ९ वर्षांच्या मुलीला मानवी लेप्टिन दिलं. वर्षभरात तिचं वजन १६ किलोंनी घटलं. ती हावरट नव्हती. तिच्या मेंदूपर्यंत निरोपच पोचत नव्हता.

मी हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यात ते कमी आहे?"

इथे 'हो' म्हणायचा मोह झाला. पण ते खोटं झालं असतं. अ‍ॅमजेन कंपनीने २ कोटी डॉलर देऊन लेप्टिनचे हक्क घेतले होते. ते लठ्ठपणावरचं औषध होईल, ही आशा मात्र फळली नाही, कारण बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट जास्तच असतं. मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही.

"नाही गं," मी म्हणालो. "बहुतेक भरपूर असेल. नीट ऐकू जात नसेल."

"मग औषध?"

"हे नाही चालणार."

"मग एवढं सांगितलंस कशाला?"

उत्तर तयार होतं, पण तोंडातून निघायला वेळ लागला. "कॉलेजात असताना मी तुला जिभेवर ताबा ठेव म्हणालो होतो ना, ते चुकलं माझं."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. "जेवलास का?" आईने विचारलं.