पडदा घरचा, किल्ली कोणाची?

१ ऑगस्ट १९७५ रोजी रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या जिल्ह्यांतल्या शेकडो खेड्यांत टीव्ही सुरू झाला. मुंबईला दूरदर्शन येऊन तेव्हा तीन वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि ज्या नागपुरातून १९५६पर्यंत या मुलखाचा कारभार चालला त्या नागपूरला टीव्हीसाठी अजून काही वर्षे थांबायचे होते. रायपूरकडच्या खेड्यांना तो आधी मिळाला तो ‘साइट’ या प्रयोगामुळे. अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात १९६९ साली करार झाला होता. त्यानुसार एटीएस-६ हा अमेरिकी उपग्रह वर्षभरासाठी भारताच्या वाट्याला आला आणि सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दिसू लागले. शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत संच असे आणि बाहेर सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना. ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची होती, त्यामुळे स्वस्त आणि हलकी. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास शेती, आरोग्य आणि करमणूक असा रोजचा क्रम होता. ३१ जुलै १९७६ला मुदत संपली आणि उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला. संच शाबूत होते, अँटेना शाबूत होत्या, पाहणारी माणसेही तीच होती. वरून येणारा संकेत तेवढा थांबला. १९७७ साली रायपूरला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले, पण त्याच्या टप्प्याबाहेरच्या गावांना त्याचा उपयोग नव्हता.

यात कुणी कुणाला फसवले नव्हते. करार उघड होता, मुदत ठाऊक होती, आणि त्या वर्षाच्या अनुभवावरच पुढे आपली स्वतःची इन्सॅट मालिका उभी राहिली. तरीही घरगुती यंत्रांच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न रायपूरने त्या वर्षी अगदी उघड्या स्वरूपात पाहिला. यंत्र आपल्या ताब्यात असते, पण ते कोणत्या अटींवर चालेल हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असू शकतो. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, सीडी आली, संगणक आणि मोबाइल आले. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती किमतीची, चित्राच्या स्पष्टतेची, वेगाची. किल्ली कोणाकडे आहे, हे क्वचितच कुणी विचारले. माझे म्हणणे असे की रायपूरसारख्या शहराला ज्या तंत्रांनी खरोखर काही दिले, त्यांचे मानक एक होते आणि मालक अनेक. जिथे मानकही एक आणि मालकही एकच, तिथे सोय आधी मिळाली आणि किंमत मागाहून मोजावी लागली.

व्हिडिओ कॅसेटचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. सोनीने बीटामॅक्स १९७५ साली बाजारात आणले, जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ साली. बीटामॅक्सचे चित्र सरस होते असे त्याचे चाहते आजही सांगतात. पण सुरुवातीची बीटामॅक्स कॅसेट तासाभराची होती आणि व्हीएचएसची दोन तासांची; शिवाय जेव्हीसीने आपले तंत्र इतर उत्पादकांना अधिक मोकळ्या हाताने वापरू दिले. मात्सुशिता, हिताची, शार्प अशा अनेक कंपन्यांची यंत्रे एकच कॅसेट चालवू लागली. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने भारतात रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर शहराशहरांत पोहोचले, तोवर जगातला हा सामना व्हीएचएसकडे झुकला होता. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटवर अख्खा हिंदी सिनेमा बसे. एका रात्रीसाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून दोन-तीन सिनेमे पाहायचे, ही त्या दशकातली रीत होऊन गेली. कॅसेट एका दुकानातली आणि यंत्र दुसऱ्या दुकानातले असले तरी अडत नव्हते, म्हणून तो धंदा गल्लीबोळात पसरू शकला. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या छायाचित्रकाराचेही तेच. खांद्यावर कोणत्याही कंपनीचा व्हीएचएस कॅमेरा असला तरी कॅसेट वधूच्या माहेरी चालायची आणि सासरीही.

यावर एक आक्षेप येईल: व्हीएचएसचा विजय हीसुद्धा मक्तेदारीच नव्हे का? एकाने दुसऱ्याला बाजारातून घालवले आणि लोकांचे भलेच झाले, मग मक्तेदारीला नावे का ठेवायची? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. लोकांचे भले झाले ते सर्वांची कॅसेट सारखी असल्यामुळे, सर्वांचा विक्रेता एक असल्यामुळे नव्हे. रेल्वेच्या रुळांमधले अंतर सगळीकडे सारखे असावे. पण त्या रुळांवर धावणारे प्रत्येक इंजिन एकाच कारखान्याचे असावे, असे त्यातून निघत नाही. मक्तेदार नेहमी या एकसारखेपणाचे श्रेय स्वतःकडे घेतो, आणि आपणही ते सहज देऊन टाकतो.

व्हीसीडीने हा फरक छत्तीसगढमध्ये आणखी ठळक केला. १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून ठरवलेले हे मानक चित्राच्या दृष्टीने सामान्यच होते. एका चकतीत सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे मावत, त्यामुळे सिनेमाला दोन-तीन चकत्या लागत. पण तिला कुलूप नव्हते. कोणत्याही संगणकावर ती चालायची, कुणालाही ती तयार करता यायची. छत्तीसगढी चित्रपटाचा इतिहास पाहिला की याचे महत्त्व कळते. मनू नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ १९६५ सालचा, ‘घर द्वार’ १९७१चा. त्यानंतर जवळपास तीन दशके शांतता. मग सतीश जैन यांचा ‘मोर छंइहा भुइंया’ २००० साली आला, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य स्थापन झाले आणि रायपूर राजधानी झाले. चित्रपटगृहातल्या यशाला नव्या राज्याच्या अभिमानाची जोड होती, हे खरेच. पण त्या काळात छत्तीसगढी गाणी आणि विनोदी प्रहसने आठवडी बाजारापर्यंत पोहोचली ती कॅसेट आणि व्हीसीडीवरून. मुंबईच्या वितरकाचा दरवाजा ठोठावल्याशिवाय एखाद्या बोलीला आपला पडदा मिळू शकतो, हे या स्वस्त चकतीने दाखवले. त्याच सुमारास आलेल्या डीव्हीडीचे चित्र कितीतरी सरस होते, पण तिच्यात कूटबद्ध कुलूप होते आणि जगाचे विभाग पाडलेले होते. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या. अमेरिकेतल्या मुलाने तिथे विकत घेऊन पाठवलेली डीव्हीडी रायपूरच्या घरातल्या यंत्राने नाकारावी, हे तंत्राचे अपयश नव्हते. यंत्र तसेच बनवलेले होते.

कुलूप नसल्यामुळे चोरी झाली, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. छत्तीसगढी निर्मात्यांचे भांडवल तुटपुंजे, आणि नव्या चित्रपटाची नक्कल बाजारात आली की त्यांचे नुकसान मोठ्या कंपनीपेक्षा जास्त. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कुलपाने ती चोरी थांबवली का? डीव्हीडीचे कुलूप १९९९ सालीच फुटले आणि त्यानंतर नकलांचा धंदा करणाऱ्यांना त्याचा काही अडथळा उरला नाही. अडला तो प्रामाणिकपणे विकत घेणारा. आपल्या संसदेने हे ओळखले असे दिसते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले, त्यात कुलूप तोडणे हा गुन्हा ठरला तो हक्कभंगाच्या हेतूने तोडल्यास. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडले तर नव्हे. चोराला शिक्षा व्हावी आणि वस्तूच्या मालकाला आपल्या वस्तूचा वापर करता यावा, ही रेघ बरोबर ठिकाणी ओढलेली आहे. दुबळ्या निर्मात्याचे रक्षण कायद्याच्या अंमलबजावणीने करायचे असते. ते काम यंत्रावर सोपवले की किल्ली यंत्र बनवणाऱ्याकडे जाते, निर्मात्याकडे नाही.

चित्रापेक्षा अक्षराच्या बाबतीत हा धडा अधिक महाग पडला. रायपूरच्या टंकलेखन वर्गांत, कचेऱ्यांत आणि छापखान्यांत हिंदीसाठी वर्षानुवर्षे कृतिदेव फाँट चालला. त्याचा गुण खरा होता: रेमिंग्टन टाइपरायटरवर बसलेली बोटे नव्याने शिकवावी लागत नव्हती. दोष मात्र पडद्यामागे होता. कृतिदेवमध्ये हिंदीतले ‘रायपुर’ लिहायचे तर इंग्रजी कळफलकावरची जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे ही बटणे दाबायची, आणि संगणक साठवायचा तीच रोमन चिन्हे. त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवणारा फाँट जवळ नसेल तर पडद्यावर उरायची निरर्थक अक्षरांची रांग. मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत असेल, तर त्याची संकेतपद्धत निराळी. एकाच शहरात, एकाच लिपीतल्या दोन फाइली परस्परांना परक्या होत्या. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती आणि विंडोज २०००पासून ती सामान्य संगणकावर उमटतही होती. तरी सवय सुटली नाही. इथे कुणी बलाढ्य मक्तेदार नव्हता हे लक्षात घ्यायला हवे. एका पद्धतीत पुरेशी माणसे अडकली की ती पद्धतच मक्तेदारासारखी वागू लागते. आणि तोटा कुणाचा? पेंड्र्याहून माधवराव सप्रे यांनी १९०० साली काढलेले ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक आज वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. पण विसाव्या शतकाच्या अखेरचा कृतिदेवमधला मजकूर आधी रूपांतरित करावा लागतो, त्यात जोडाक्षरे बिघडली तर हाताने सुधारावी लागतात, आणि तोवर तो कोणत्याही शोधात सापडत नाही.

खऱ्या मक्तेदारीचे उदाहरण हवे तर मायक्रोसॉफ्टचे. विंडोजबरोबर आपला मीडिया प्लेअर सक्तीने जोडल्याबद्दल आणि इतरांना आवश्यक माहिती नाकारल्याबद्दल युरोपीय आयोगाने २००४ साली तिला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला. घरगुती चित्रफिती जोडण्यासाठी लोकांनी वापरलेला तिचा मूव्ही मेकर जानेवारी २०१७मध्ये बंद झाला. त्यातली अर्धवट कामे त्याच्याशिवाय उघडत नव्हती. भारताने या बाबतीत एकदा ठाम भूमिका घेतली होती. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्र-पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा देण्याच्या प्रश्नावर भारतीय मानक ब्यूरोने २००७मध्ये विरोधी मत दिले आणि २००८मध्ये ते कायम ठेवले. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरणही जाहीर केले. दरम्यान छत्तीसगढीला काय मिळाले? रवी रतलामी या नावाने लिहिणारे रविशंकर श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने २००९च्या सुमारास केडीई हा मुक्त संगणक-पडदा छत्तीसगढीत आला. त्यासाठी बाजार किती मोठा आहे हे कुणाला पटवून द्यावे लागले नाही, कारण तिथे परवानगी देणारा मालकच नव्हता. तो अनुवाद फार लोकांनी वापरला असे कुणी म्हणणार नाही. पण वापर कमी राहणे आणि मुळातच दार बंद असणे यांत फरक आहे.

आता प्रश्न मोबाइलवर आला आहे. २०१८ साली छत्तीसगढ शासनाने संचार क्रांती योजनेखाली लाखो स्त्रियांना आणि विद्यार्थ्यांना मोफत स्मार्टफोन वाटले. ज्या घरात कॅमेरा कधी आला नव्हता तिथे घरगुती चित्रफीत बनू लागली, ही मोठीच गोष्ट. पण असे फोन ज्या अँड्रॉइडवर चालतात त्याच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवे तर कंपनीची बाकीची अ‍ॅपही फोनवर ठेवलीच पाहिजेत, या अटीवर आयोगाचा आक्षेप होता. याच प्रदेशात २०१०पासून शुभ्रांशु चौधरी यांच्या ‘सीजीनेट स्वर’ने दुसरी वाट दाखवली होती. साध्या फोनवरून बोलायचे, गोंडीत किंवा छत्तीसगढीत आपली बातमी सांगायची, इतरांची ऐकायची. साधा दूरध्वनी संवाद सर्व कंपन्यांचा सामायिक असल्यामुळे त्याला विशिष्ट फोन, विशिष्ट अ‍ॅप, विशिष्ट कंपनी लागली नाही.

शेवटचा आक्षेप असा की खुले असो वा बंद, सगळेच जुने होते. व्हीएचएसची चुंबकीय फीत झिजते, बुरशी धरते. तिचे यंत्र बनवणारी शेवटची कंपनी फुनाई २०१६च्या जुलैमध्ये थांबली. मग खुलेपणाने काय साधले? साधले ते हे की फीत झिजण्याआधी तिची प्रत काढता येते. ज्याला यंत्र दुरुस्त करता येते त्याला कुणाची लेखी संमती लागत नाही. पदार्थाचा नाश हळू होतो आणि त्याच्याशी झुंजता येते. परवानगीचा नाश एका तारखेला होतो आणि त्यावर इलाज नसतो. म्हणून शासनाने यंत्र खरेदी करताना, महाविद्यालयाने संग्रह उभारताना, रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या जुन्या संस्थांनी आपली कागदपत्रे आणि कार्यक्रमांच्या चित्रफिती संगणकावर उतरवताना, किमतीच्या आधी एक अट घालावी: ही फाइल दुसऱ्या कंपनीच्या साधनाने उघडून दाखवा. तेवढे दाखवता आले नाही तर ती वस्तू स्वस्त असूनही महाग आहे. राज्याची पंचवीस वर्षांची चित्रे, गाणी आणि मजकूर याच दशकात नव्या साठवणीत जात आहेत, आणि ही अट आत्ताच घातली तर तिला काही खर्च येत नाही.