तळटीप : केडगावची ‘मुक्ती’

३. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) स्थापिलेले निराश्रित स्त्रियांचे आश्रयस्थान. दुष्काळात मातापित्यांस आणि पुढे बंधू व पती यांसही अंतरलेल्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. आणि ज्या प्रभूने स्वतः क्लेश सोसले त्याच्या चरणी आपले दुःख वाहिल्यावर, पूर्वी भोगलेली उपासमार हीच त्यांस जणू अनाथांच्या सेवेची सनद ठरली. म्हणूनच १८९६–९७च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली व विधवा यांना आश्रय दिला. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे कार्य त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

कर्वेनगरच्या वाचकास हे नाव परके वाटू नये. कारण रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या, आणि कर्व्यांच्या आश्रमाचे हिंगणे तेच आजचे कर्वेनगर. धर्म भिन्न राहिले, तरी दुःखितांविषयीचे उत्तरदायित्व दोन्ही स्थळी सारख्याच निष्ठेने पाळले गेले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. — संपादक