मापांचे नाते

सांगली आणि मिरज यांच्या लगतच्या कुपवाडच्या एमआयडीसीतला आराखडाकार आज पंपाच्या फ्लॅंजवरील बोल्टचे वर्तुळ एकदाच स्केचमध्ये काढून तेच आवरणाला, झाकणाला आणि गॅस्केटला जोडू शकतो. व्यास एका जागी बदलला की तिन्ही भाग बदलतात. ही सोय बाहेरच्या सॉफ्टवेअरने आणली, तेव्हा तिचा इतिहासही तिकडचाच, असा समज सहज होतो. तो अपुरा आहे. एका मापावर अनेक भाग अवलंबून असतात, हे या जिल्ह्यातल्या ओतकामाला शतकभर ठाऊक आहे. संगणकाने बदलली ती हे नाते जपण्याची जागा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी ते मुंबईत यंत्र-रेखाटन शिकवत असत. त्यांच्या कारखानदारीच्या मागे आखणीचे शिक्षण होते. तिथल्या लोखंडी नांगराचा फाळ झिजतो. नवा फाळ जुन्या नांगरावर चपखल बसायचा, तर माप वर्षानुवर्षे तेच राहायला हवे. ओतकामात ही जबाबदारी पॅटर्नमेकरची. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून वाळूत साच्याचा आकार उमटवणारा लाकडी पॅटर्न तो तेवढा मोठा करतो. पोकळ भागासाठी कोअरबॉक्स वेगळा लागतो; त्यातून निघालेला वाळूचा कोअर साच्यात ज्या खाचेवर टेकतो, ती खाच पॅटर्नच उमटवतो. दोन्ही वस्तूंचे हे माप जुळलेच पाहिजे. पॅटर्नला रंधा मारला आणि कोअरबॉक्स तसाच राहिला, तर कोअर सरकतो आणि ओतीव भंगारात जाते. हे नाते कागदावर क्वचितच लिहिलेले असे. ते कारागिराच्या ध्यानात असे.

ब्लूप्रिंटने आकृतीच्या प्रती सोप्या केल्या, पण बदल त्या प्रतींपर्यंत आपोआप पोहोचत नसे. मूळ ट्रेसिंग सुधारले तरी शॉपमध्ये टांगलेली जुनी प्रत जुनीच राहत असे. इव्हान सदरलंड यांच्या 1963 च्या ‘स्केचपॅड’ या संगणकीय आखणी-प्रणालीमध्ये मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या नकला बदलत. 1988 मध्ये आलेल्या ‘प्रो-इंजिनिअर’ या सॉफ्टवेअरने मापांवर चालणारी घनाकृतींची आखणी उद्योगात रुजवली. पॅटर्नमेकरच्या ध्यानात असलेले अवलंबित्व आता स्पष्ट नोंदवता येऊ लागले, आणि कारागीर निवृत्त झाला तरी ते कारखान्यातच राहू लागले.

कुणी म्हणेल, कुशल फिटर कानस मारून भाग बसवतच होता, मग एवढा खटाटोप कशाला? पण तसा बसवलेला भाग त्या एकाच यंत्राचा होतो. सुटा भाग दुसऱ्या गावच्या पंपाला बसेलच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका रेषेतली चूक एका क्षणात दहा भागांत पसरते, आणि आधी ओतलेले भाग तर बदलत नाहीत. हे खरे आहे. म्हणूनच सामाईक स्केचला मास्टर गेजचा, म्हणजे ज्याच्याशी बाकी मापे ताडतात त्या मापकाचा, मान हवा. त्यात मोजकीच मापे असावीत, ते बदलण्याचा अधिकार ठरलेला असावा आणि ओतकामाला गेलेली आवृत्ती गोठवलेली असावी. ही शिस्त पॅटर्नच्या खोलीतलीच आहे. पॅटर्नवर रंधा मारण्याआधी कोअरबॉक्स आठवणे जितके आवश्यक होते, तितकेच आज जोडलेली रेषा हलवण्याआधी तिच्यावर विसंबलेले भाग आठवणे आवश्यक आहे.