वाट सांगणारी लेखणी

लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलं की विसेक किलोमीटरवर रेणापूर येतं. गाव रेणुकादेवीचं, आणि त्याचं नाव दूरवर गेलं ते हलत्या दीपमाळेमुळे. जिल्ह्यातल्या प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत रेणापूरच्या वाट्याला बहुधा एवढीच ओळ येते. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दीपमाळ कशाची बांधली आहे, उजेड कोणत्या वेळी चांगला, यातलं काही त्या ओळीत नसतं. मराठीत स्थळांविषयी लिहिण्याची सुरुवात मात्र अशी तोकडी नव्हती.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी पायी हिंडले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लीळाचरित्रात गोळा केल्या. पुढे महानुभावांनी स्थानपोथी रचली. स्वामींचा स्पर्श झालेली जागा त्यांना वंदनीय होती, आणि नमस्कार नेमक्या त्याच जागी व्हायला हवा होता. म्हणून पोथी नुसतं गावाचं नाव सांगून थांबत नाही. देवळाचं दार कुठल्या दिशेला, आवारात आणखी कोणती देवळं, स्वामींचं आसन कोणत्या बाजूला, हे ती एकेक करून नोंदवते. भक्तीनंच तिला काटेकोर केलं. त्यामुळे जुन्या गावांची आणि देवळांची रचना अभ्यासताना संशोधकांना आजही तिचा आधार वाटतो.

तीर्थमाहात्म्यांनी वाटेपेक्षा फळाकडे लक्ष दिलं. इथं स्नान केल्यानं काय मिळतं, देव इथं का थांबला, हे ऐकून माणसं घराबाहेर पडली. पोटाची ओढही होतीच. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते तिकडे मोठा यज्ञ होणार आणि दक्षिणा मिळणार हे कानावर आल्यामुळे. वाटेत त्यांना 1857 च्या उठावानं गाठलं. त्या प्रवासाचं पुस्तक 1907 साली छापलं गेलं.

इंग्रजी अमदानीत स्थळाची नोंद कारभारासाठी होऊ लागली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत मराठवाडा आला नाही, कारण तो निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाचा गॅझेटियर 1909 साली निघाला. तालुका, लोकसंख्या, पीक, व्यापार अशा रकान्यांत गावं बसली. दोनच वर्षांनी, 1911 मध्ये, बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट लातूरला पोचली आणि कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला जाणं सोपं झालं. आता वाट ठरवू लागलं ते गाडीचं वेळापत्रक. जिथं स्टेशन, ते गाव जवळचं. जिथं नाही, ते आडबाजूचं.

पोथीनं जागा दिली, माहात्म्यानं ओढ दिली, गॅझेटियरनं आकडे दिले, रेल्वेनं वेळ दिली. आजच्या यादीत या सगळ्याचा अर्क उतरायला हवा होता. उरलं ते फक्त नवल. रेणापूरला येणारा माणूस दीपमाळ हलते का एवढं पाहतो आणि पुढच्या गावाला निघतो.

म्हणून जिज्ञासू प्रवाशाला माझं सांगणं आहे की रेणापूर पोथीच्या शिस्तीनं पाहा. आधी देवळाला एक फेरी घाला, दिशा लक्षात घ्या. दीपमाळ हलवून पाहण्याचा हट्ट धरू नका. जुनं बांधकाम आहे, पुजाऱ्यांना आणि गावातल्या जाणत्यांना विचारा. मग तालुक्यातल्याच पानगावला जा. तिथलं विठ्ठलाचं जुनं देऊळ बाहेरच्या शिल्पांसकट सावकाश बघा. तिथंच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जपणारं चैत्यस्मारक आहे. 6 डिसेंबरला तिथं लोक अभिवादनाला जमतात. विठ्ठल आणि बाबासाहेब, दोघांच्या ओढीनं माणसं एकाच गावात येतात, हे यादीतल्या एका ओळीत मावणारं नाही. परतल्यावर जे पाहिलंत ते दिशा, दगड आणि सांगणाऱ्याच्या शब्दांसह लिहून ठेवा. मराठीनं हे काम सहा-सातशे वर्षांपूर्वी केलेलं आहे, आणि रेणापूरसारख्या गावांना आज त्याचीच गरज आहे.