गावठी कट्टा

गावठी कट्टा म्हणजे परवानाधारक कारखान्याबाहेर, लहान भट्टीवर किंवा लेथ यंत्राच्या साहाय्याने बेकायदेशीरपणे तयार केलेले, एका हाताने चालवता येणारे स्वस्त अग्निशस्त्र होय. देशी कट्टा, गावठी पिस्तूल, देशी बनावटीचे पिस्तूल अशा नावांनीही ते ओळखले जाते. भारतात गुन्ह्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या व पोलिसांकडून जप्त होणाऱ्या अग्निशस्त्रांत परवाना नसलेल्या शस्त्रांचे प्रमाण फार मोठे असून त्यांतील बहुसंख्य याच प्रकारची असतात. पुणे शहर व परिसरात सापडणारी अशी शस्त्रे प्रामुख्याने मध्य प्रदेशातून येतात. कमी किंमत हे या शस्त्राचे एकमेव बलस्थान आहे. अचूकता, टिकाऊपणा आणि चालवणाऱ्याची सुरक्षितता या तिन्ही कसोट्यांवर ते कारखान्यात तयार झालेल्या शस्त्रापेक्षा बरेच कमी ठरते.

नाव व प्रकार

‘कट्टा’ हा शब्द शस्त्राच्या अर्थाने हिंदीतून मराठीत आला. पुण्यात या शब्दाचा रूढ अर्थ बसण्याचा ओटा व त्यावरच्या गप्पा असा आहे. त्यामुळे मराठी वृत्तपत्रे संदिग्धता टाळण्यासाठी ‘गावठी’ हे विशेषण सहसा गाळत नाहीत. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत पिस्तुलाला ‘घोडा’ म्हणतात. कोकणात शेतीसंरक्षणासाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूकही स्थानिक कारागिरीतून आलेली असली, तरी ती लांब नळीची असते आणि तिला परवाना मिळू शकतो. तिचा कट्ट्याशी संबंध नाही.

कट्ट्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला एकनळी, एकबारी: एक काडतूस भरायचे, उडवायचे आणि रिकामी पुंगळी हाताने काढायची. यात बहुधा .३१५ बोअरचे रायफलीचे किंवा १२ बोअरचे बंदुकीचे काडतूस वापरले जाते. दुसरा प्रकार मॅगझिन असलेल्या स्वयंचलित पिस्तुलाची नक्कल असून त्यात ७.६५ मिमी किंवा ९ मिमी काडतूस चालते. पुण्यातील पोलिसी कारवायांच्या बातम्यांत ‘पिस्तूल व जिवंत काडतुसे जप्त’ असा उल्लेख येतो, तेव्हा बहुधा हा दुसरा प्रकार अभिप्रेत असतो. अशा नकलांवर ‘मेड इन यूएसए’ किंवा ‘ओन्ली फॉर आर्मी’ असे शब्द कोरलेले आढळतात. हे कोरीवकाम खरेदीदाराला भुलवण्यासाठी असते. अक्षरे अनेकदा वाकडी व चुकीच्या स्पेलिंगची असल्याने जाणकाराला शस्त्र कुठले आहे हे तेवढ्यावरूनच कळते.

विश्वासार्हता

अग्निशस्त्राची विश्वासार्हता म्हणजे चाप ओढल्यावर बार दर वेळी उडणे, चाप ओढला नसताना कधीही न उडणे आणि उडालेली गोळी नेम धरला तिकडे जाणे. कट्टा या तिन्ही बाबतींत कमी पडतो, आणि त्यांपैकी दुसरी उणीव सर्वांत घातक आहे.

कारखान्यात नळीसाठी ठराविक प्रतीचे पोलाद घेतले जाते. त्यावर उष्णतेची प्रक्रिया होते आणि तयार शस्त्र नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून तपासले जाते. या चाचणीला उतरल्यावरच त्यावर शिक्का बसतो. कट्ट्याची अशी परीक्षा होत नाही; त्याची पहिली खरी चाचणी वापरणाऱ्याच्या हातातच होते. .३१५ बोअरचे काडतूस मुळात लांब व जाड नळीच्या रायफलीसाठी आहे. ते वीतभर नळीतून उडवले की दारू नळीत पूर्ण जळत नाही, तोंडाशी मोठा जाळ निघतो आणि गोळीला अपेक्षित वेग मिळत नाही. दाब मात्र नळीच्या मागच्या भागावर पूर्ण येतो. जोड सैल असल्यास तप्त वायू मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मनगटाकडे फुटतात. नळी फुटून बोटे गमावल्याची उदाहरणे न्यायवैद्यक ग्रंथांत नोंदलेली आहेत. ७.६५ मिमीच्या काडतुसाचा दाब त्या मानाने बराच कमी असल्याने त्या मापाच्या नकला तुलनेने टिकतात.

नळीच्या आत सर्पिल खाचा असल्या की गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. एकबारी कट्ट्याची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते. त्यामुळे गोळी हवेत डोलते व कधी आडवी होऊन लक्ष्यावर आदळते. काही पावलांपलीकडे नेमाला अर्थ उरत नाही, आणि गर्दीच्या रस्त्यावर झाडलेली गोळी ज्याच्यासाठी होती त्यालाच लागेल याची खात्री देता येत नाही.

सुरक्षाकळ नसणे किंवा नावापुरती असणे हा तिसरा दोष आहे. भरलेला कट्टा जमिनीवर पडला, कमरेला खोचताना घासला किंवा मित्रांना दाखवताना हाताळला गेला तरी बार उडू शकतो. या शस्त्रांमुळे होणाऱ्या अपघातांत जखमी होणारा बहुधा शस्त्र बाळगणारा स्वतः किंवा त्याच्या शेजारी बसलेला मनुष्य असतो. मॅगझिनच्या नकलांत काडतूस अडकणे, पुंगळी बाहेर न पडणे आणि एकदा चाप ओढल्यावर दोन बार उडणे हे दोष वारंवार दिसतात.

काडतूस हा या साखळीतील एकमेव दर्जेदार घटक असतो. जप्त काडतुसांच्या बुडावर ‘के.एफ.’ ही अक्षरे अनेकदा आढळतात. ती पुण्यातील खडकी येथील दारूगोळा कारखान्याची खूण आहे. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. त्याचा माल परवानाधारक विक्रेते व ग्राहकांसाठी असतो. तो बेकायदेशीर पिस्तुलात पोहोचतो, याचा अर्थ वाटेत कोठेतरी परवान्यावरची काडतुसे काळ्या बाजारात वळवली जातात.

पुण्याच्या इतिहासातील संदर्भ

१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश सरकारने भारतीयांच्या शस्त्रधारणेवर कडक निर्बंध घातले. त्यानंतर महाराष्ट्रातील क्रांतिकारकांपुढे चालेल असे पिस्तूल मिळवणे ही मोठीच अडचण होती. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर वापरलेले ब्राऊनिंग पिस्तूल युरोपातून आलेले होते. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून अशी २० पिस्तुले पाठवल्याचा आरोप पुढील खटल्यात महत्त्वाचा ठरला. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर जवळून गोळ्या झाडूनही हॉटसन बचावले. खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडल्याचे सांगितले जाते. गोगटे यांना पुढे ‘हॉटसन गोगटे’ याच नावाने ओळखले गेले.

निकृष्ट शस्त्राचा सर्वांत तपशीलवार नोंदला गेलेला प्रसंग महात्मा गांधींच्या हत्येच्या खटल्यात आढळतो. कटातील एक आरोपी आणि नंतर माफीचा साक्षीदार झालेला दिगंबर बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान चालवीत असे. २० जानेवारी १९४८ रोजी सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागील झाडीत आरोपींनी जवळची दोन रिव्हॉल्व्हरे तपासून पाहिली. बडगेच्या साक्षीनुसार एकाचे काडतुसांचे चक्र नीट चालेना, तर दुसऱ्यातून झाडलेली गोळी नेम धरलेल्या झाडापर्यंत पोहोचली नाही. पहिले रिव्हॉल्व्हर हॉटेलच्या खोलीत दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला. त्या दिवशीचा बेत फसला. त्यानंतर नथुराम गोडसे व नारायण आपटे यांनी ग्वाल्हेरहून इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल मिळवले आणि ३० जानेवारीला त्यानेच हत्या झाली. दोन घटनांच्या मधल्या दहा दिवसांत गांधीजींच्या संरक्षणासाठी काय करता आले असते, हा प्रश्न पुढे कपूर आयोगाच्या चौकशीचाही विषय झाला. शस्त्राच्या निकृष्टतेने मिळवून दिलेला तो अवधी यंत्रणेने वाया घालवला, असे म्हणावे लागते.

पुण्यात होणारा पुरवठा

मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातील उमर्टी, खरगोन जिल्ह्यातील सिगनूर व बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरी ही गावे या व्यवसायासाठी ओळखली जातात. उमर्टी सातपुड्याच्या परिसरात महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. याच नावाचे गाव सीमेच्या अलीकडे जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यातही आहे. या गावांतील शस्त्रनिर्मितीशी सिकलीगर समाजाचे नाव जोडले जाते. शस्त्रांना धार लावणे व ती घडवणे हा या समाजाचा जुना, एकेकाळी प्रतिष्ठित व्यवसाय. तलवारीची मागणी संपल्यावर आणि अग्निशस्त्रांची निर्मिती कायद्याने सरकारच्या हाती गेल्यावर हे कौशल्य उघड बाजारात विकता येईना. या समाजातील अनेक कुटुंबे शेती, मजुरी व लोखंडी अवजारे तयार करण्यावर जगतात. संपूर्ण समाजाकडे संशयाने पाहिले जाण्याची झळ त्यांनाही बसते. उत्तर भारतात बिहारमधील मुंगेर हे असेच दुसरे केंद्र आहे. तेथील बंदूकनिर्मितीची परंपरा अठराव्या शतकातील बंगालचा नवाब मीर कासीम याच्या शस्त्रागारापर्यंत मागे नेली जाते.

चोपडा किंवा शिरपूरमार्गे माल खाली येतो. खासगी वाहन, एस. टी. बस, प्रवाशाची पिशवी असे त्याच्या वाहतुकीचे मार्ग साधे असतात. पुण्यात तो टोळ्यांच्या हस्तकांकडे आणि धाक दाखवण्यासाठी पिस्तूल हवे असलेल्या तरुणांकडे पोहोचतो. समाजमाध्यमांवर पिस्तुलासह छायाचित्र टाकल्याने पकडले गेलेल्यांची संख्याही कमी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे शहर पोलिसांच्या पथकांनी थेट उमर्टी येथे जाऊन छापे घातले. पन्नासच्या आसपास भट्ट्या उद्ध्वस्त करून तीसहून अधिक जणांना ताब्यात घेतल्याचे वृत्त होते. शहरात जप्त झालेल्या शस्त्रांचा माग काढत पोलीस उगमापर्यंत गेले, हे या कारवाईचे वेगळेपण.

किंमत आणि मोल

साधा एकबारी कट्टा काही हजार रुपयांत मिळतो. मॅगझिनच्या पिस्तुलाची किंमत पंचनाम्यांतील नोंदींनुसार काही दहा हजारांच्या घरात असते. गावातून शहराकडे येताना ती प्रत्येक हस्तकागणिक वाढते. याउलट कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये आणलेल्या ‘निर्भीक’ या .३२ बोअरच्या हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत सव्वा लाखाच्या जवळ होती. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर स्त्रियांच्या आत्मसंरक्षणासाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण ज्या स्त्रीला रात्री बसने घरी परतावे लागते तिच्या आवाक्यात ही किंमत नव्हती, अशी रास्त टीका त्या वेळी झाली. २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ हे त्याच मापाचे रिव्हॉल्व्हर ५० मीटर पल्ल्याचे असल्याचे उत्पादक सांगतो.

स्वस्त असूनही विश्वासार्ह हँडगन तयार होऊ शकते. पुण्यातील पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने महू येथील इन्फंट्री स्कूलसह ‘अस्मी’ हे ९ मिमी मशीन पिस्तूल चार महिन्यांत विकसित केले. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झाले, तेव्हा प्रत्येकी उत्पादनखर्च ५० हजार रुपयांपेक्षा कमी राहील असे सांगण्यात आले. विमानांसाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियम, कार्बन फायबर आणि त्रिमितीय छपाई यांचा त्यात वापर झाला. ते सैन्यदलांसाठी आहे, नागरिकांना विकले जात नाही. मात्र काळ्या बाजारात नकली पिस्तुलासाठी मोजल्या जाणाऱ्या रकमेशी ही किंमत ताडून पाहण्याजोगी आहे.

परदेशांतही स्वस्त हँडगनचा वाद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तयार केलेले ‘लिबरेटर’ हे एकबारी पिस्तूल सुमारे दोन डॉलरमध्ये बनत असे. त्याची सुमारे दहा लाख नगे तयार झाली. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव भागांपासून बनवलेल्या स्वस्त पिस्तुलांना अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ असे हिणवले जाई. १९६८ च्या कायद्याने अशा पिस्तुलांच्या आयातीवर बंधने आली, पण देशांतर्गत उत्पादन सुरू राहिले. ती पिस्तुले निकृष्ट असली तरी तेथे कायदेशीर व क्रमांकित होती. कट्ट्याला क्रमांकही नसतो.

न्यायवैद्यक तपास

क्रमांक नसल्याने कट्ट्याचा मालक नोंदवहीतून शोधता येत नाही. गुळगुळीत नळीमुळे गोळीवर खाचांचे ठसे उमटत नाहीत, त्यामुळे तज्ज्ञांना पुंगळीच्या बुडावरील फायरिंग पिनच्या व पाठीमागच्या पृष्ठभागाच्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते. ओबडधोबड कानशीकामामुळे प्रत्येक कट्ट्याच्या खुणा वेगळ्या असतात, हे तपासाच्या सोयीचे आहे. परंतु धातू मऊ असल्याने थोड्याच वापराने त्या बदलतात.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळील पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. या प्रकरणाच्या तपासात ७.६५ मिमीच्या गावठी पिस्तुलाचा उल्लेख आला. गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी व गौरी लंकेश यांच्या हत्यांशी शस्त्राचे साम्य आहे का, यावर वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या अहवालांत तफावत पडली आणि त्यावर बराच काळ वाद चालला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली व तिघांची निर्दोष मुक्तता केली. दोषसिद्धीत प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांच्या जबानीला मोठे महत्त्व होते.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे गुन्हा आहे. शिक्षा कलम २५ मध्ये आहे. वृत्तपत्रांत आढळणारे ‘आर्म्स ॲक्ट ३ (२५)’ हे रूप या दोन कलमांच्या जोडीतून रूढ झाले. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा एका वर्षावरून दोन वर्षे व कमाल तीनवरून पाच वर्षे झाली. बेकायदेशीर निर्मिती व विक्रीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी तरतूद झाली. लग्न-वरातीत हर्षभराने केलेला बेदरकार गोळीबारही याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या परवानाधारक शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली, तर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.

कलम ३ खालील खटल्यासाठी कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वसंमती लागते. शस्त्र चालू स्थितीत होते का, हा प्रश्न बचाव पक्षाकडून हमखास उपस्थित होतो. म्हणून जप्त कट्टा प्रयोगशाळेत उडवून पाहावा लागतो; त्याची हमी नसल्याने तज्ज्ञ तो हातात न धरता पकडीत बसवून दुरून चाप ओढतात. पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांत परवान्याचे अर्ज पोलीस आयुक्तांकडे, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे केले जातात. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. गावठी शस्त्रांना असा आदेश अर्थातच लागू पडत नाही. त्यांच्यासाठी त्या काळात स्वतंत्र शोधमोहिमा राबवल्या जातात.