मोरीतल्या दोन बाटल्या

पोस्ट थोडी लांब आहे, पण आपल्या शहरातल्या जवळपास प्रत्येक घराची आहे. सवडीने वाचा.

आपल्याकडे नळाला पाणी कुठे चार दिवसांआड, कुठे आठवड्याने. मलिक अंबरने ज्या गावात १७ व्या शतकात नहरी खोदून घरोघर पाणी फिरवलं, त्याच गावात आज गच्चीवर टाकी, जिन्याखाली हौद आणि मोरीत निळा ड्रम. पाणी साठवलं की शेवाळ आलं, अळ्या आल्या, त्यांच्यामागून ब्लिचिंग पावडर आली. नळाचं पुरत नाही म्हणून बोअर आणि टँकर. आपल्या काळ्या खडकातून वर आलेलं बोअरचं पाणी जड, फरशीवर क्षारांचा पांढरा थर धरणारं. तो घासून निघत नाही, म्हणून अ‍ॅसिड. पाणीटंचाईनेच या दोन वस्तू एका कोपऱ्यात आणून ठेवल्यात. एकेकटी प्रत्येक कामाची. पण पावडरने जमलं नाही म्हणून वरून अ‍ॅसिड ओतलं, की अडीचशे वर्षांपूर्वीचा एक प्रयोग आपण मोरीत पुन्हा करतो.

तो प्रयोग कार्ल शील या स्वीडनमधल्या औषधं बनवणाऱ्या माणसाचा. १७७४ साली त्याने मँगनीजच्या काळ्या खनिजावर (हे आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडेही निघतं) मिठापासून काढलेलं तेजाब ओतलं. हे तेजाब म्हणजेच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, आजचं आपलं फरशीचं अ‍ॅसिड. पिवळट हिरवा, छाती आवळणारा वायू निघाला, आणि त्यात धरलेल्या फुलांचा रंग उडाला. हाच क्लोरीन. हे नाव मात्र १८१० साली हम्फ्री डेव्हीने दिलं.

रंग उडतो म्हटल्यावर कापडवाले धावले. तोवर कापड पांढरं करायला ते आठवडेच्या आठवडे उन्हात पसरून ठेवावं लागे. पण वायू बाजारात विकणार कसा? १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने कोरड्या, विरवलेल्या चुन्यात क्लोरीन जिरवण्याचं पेटंट घेतलं. वायू पावडरीत कोंडला गेला आणि पोत्यात भरता येऊ लागला. आपली ब्लिचिंग पावडर ती हीच. १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना याच पदार्थाच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पुढे पटकीच्या साथीत विहिरीत पावडर टाकणारा माणूस आपल्याकडच्या जुन्या लोकांनी पाहिलेला आहे. तेव्हा पावडरीला शिव्या घालायला ही पोस्ट नाही. तिने जीव वाचवलेत, बेसुमार.

अडचण कुलपाची आहे. चुन्यात कोंडलेला वायू बाहेर काढायची किल्ली म्हणजे अ‍ॅसिड. कारखान्याने जे कोंडलं, ते आपण दोन मिनिटांत सोडतो. पातळ ब्लीचचंही तेच, आणि टॉयलेट क्लीनरमध्येही बहुतेक वेळा हेच अ‍ॅसिड असतं.

हाच वायू २२ एप्रिल १९१५ ला जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर दीडशे टनांहून जास्त सोडला. चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर उतरली. मास्क नव्हते, सैनिकांनी ओले फडके नाकाला बांधून वायूला तोंड दिलं. आपल्या राज्यातलं उदाहरण १४ जुलै २०१० चं, मुंबईत शिवडीला बंदराच्या गोदामात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला तेव्हाचं. कित्येकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

ती बातमी झाली. मोरीतली होत नाही. मोरीत वायू थोडाच निघतो, मान्य. पण मोरी केवढी? दार लावलेलं, खिडकीच्या नावाने एक झरोका. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, म्हणून तो खाली साचतो, आणि उकिडवं बसून फरशी घासणारीचं नाक तिथेच असतं. बहुतेक घरांत ती आई, वहिनी, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी. सार्वजनिक मुताऱ्यांत आणखी एक भर आहे. जुन्या लघवीत अमोनिया असतो, त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन नावाचे वायू निघतात. तेही फुप्फुसावरच जातात. तो वास सफाई कामगार रोज घेतात.

कोरोनात, २०२० साली, अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सफाईच्या रसायनांबद्दलचे फोन वाढले. तिथल्या एका बाईंनी गरम पाण्यात ब्लीच आणि व्हिनेगर घालून भाज्या भिजवल्या होत्या. शिकलेल्या देशातली गोष्ट, म्हणून सांगितली.

जपानने यातून एक धडा घेतला. १९८७ मध्ये तोकुशिमात अ‍ॅसिडचा क्लीनर आणि ब्लीच एकत्र आल्याने एका गृहिणीचा जीव गेला. त्यानंतर तिथे या बाटल्यांवर ठळक अक्षरांत छापलं जाऊ लागलं: मिसळू नका, धोका. मोजके शब्द, लहान पोरालाही वाचता येतील असे.

आपल्याकडे? जुलै २०१३ मध्ये लक्ष्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिड विक्रीवर निर्बंध घातले. ओळखपत्र, नोंदवही, अठराखालच्यांना विक्री नाही. गरजेचा निर्णय, पण तो अ‍ॅसिड दुसऱ्यावर फेकणाऱ्यासाठी होता. स्वतःच्या घरात ते ओतणाऱ्या बाईला कोण सांगणार? शहागंज भागात मी मुद्दाम फिरून पाहिलं. अ‍ॅसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत, झाकणाला चिंधी. नाव नाही, मराठीत नाही, उर्दूत नाही, कशातच नाही. ब्लिचिंग पावडर सुटी, पिशवीत. ज्यावर सूचना छापायची तो कागदच नाही, तर सूचना येणार कुठून?

चुकून एकत्र झालंच, तर साफ करत बसू नका. दार उघडं टाकून आधी बाहेर मोकळ्या हवेत या, घरातल्यांनाही काढा. डोळे चुरचुरत असतील तर साध्या पाण्याने धूत राहा. खोकला, छातीत आवळल्यासारखं वाटणं, धाप, यातलं काही असेल तर घाटी गाठा आणि काय काय मिसळलं ते डॉक्टरांना नीट सांगा. घरी बरं वाटलं तरी ती रात्र लक्ष ठेवा, फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं.

तुमच्या गल्लीत अ‍ॅसिड कसल्या बाटलीत मिळतं? दुकानाचं नाव नको, फक्त बाटलीचा फोटो कमेंटमध्ये टाका. सगळे एकत्र करून महापालिकेकडे अर्ज देतोय.